वाचनालयाची पायरी चढायला लावणारे प्रश्न

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या किंग विल्यम्स कॉलेज या शाळेत १९०५ पासून दरवर्षी सामान्यज्ञानाची एक प्रश्नपत्रिका काढली जाते. नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर मुलांना ती कोणतीही पूर्वतयारी न करता सोडवायला बसवत. प्रश्न इतके आडवळणाचे, की बहुतेकांची पाटी जवळपास कोरीच राही. मग तीच पत्रिका घेऊन मुले घरी जात. सुट्टीभर कोश, चरित्रे, नकाशे, जुनी वर्तमानपत्रे धुंडाळत. घरच्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कामाला लावत. शाळा उघडली की पुन्हा तीच परीक्षा. आता तिथे ती ऐच्छिक झाली आहे, पण पत्रिका दरवर्षी निघते आणि १९५१ पासून 'द गार्डियन' हे दैनिक ती छापत आले आहे.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. अठरा विभाग, प्रत्येकात दहा प्रश्न. पहिला विभाग बरोबर शंभर वर्षांपूर्वीच्या वर्षावर, शेवटचा सरत्या वर्षावर. सुरुवात इतिहासाने, शेवट चालू घडामोडींनी. माथ्यावर एक लॅटिन वचन असते. त्याचा आशय असा, की एखादी गोष्ट कुठे सापडेल हे ठाऊक असणे हाच विद्वत्तेचा मोठा भाग होय. शतकाहून अधिक काळ चाललेल्या या उपक्रमाचे मर्म त्यात आले. उत्तर पाठ असण्यापेक्षा ते शोधून काढता येण्याला तिथे अधिक मोल आहे.

आंतरशालेय स्पर्धांसाठी प्रश्न काढण्याचे काम मी आवडीने करत आलो आहे. त्या निमित्ताने शिक्षकांशी, ग्रंथपालांशी, स्पर्धा परीक्षेच्या मुलांशी सतत बोलणे होते. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्या मुलांना उत्तरे पुष्कळ दिली जातात, शोध घेण्याची संधी मात्र फार थोडी मिळते. चालू घडामोडी आणि इतिहास हे तर मुळातच शोधाचे विषय, आणि नेमके तेच आपण घोकून घेतो. हे बदलता येईल. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो चांगला प्रश्न.

हौस जुनी आहे

प्रश्नोत्तरांच्या स्पर्धेची आपल्याला भारी हौस. १९७२ मध्ये रेडिओवर हमीद सयानींनी बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट सुरू केली. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अमीन सयानींनी ती पुढे चालवली. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंच्या 'क्विझ टाइम'ने दूरदर्शनवर महाविद्यालयीन मुलांना घराघरांत नेले. ३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' आले आणि चार पर्याय असलेला प्रश्न ही देशाची सवय होऊन बसली.

या कार्यक्रमांनी ज्ञानाला प्रतिष्ठा दिली, हे मान्य करायलाच हवे. पण शाळांनी त्यातून घेतली ती घंटी, गुणफलक आणि घड्याळ. प्रश्न मात्र जुन्याच संचातून येत राहिले. तालुक्याच्या कोणत्याही प्रश्नमंजुषेला जाऊन बसा. पहिला, सर्वांत उंच, सर्वांत लांब, राजधानी, टोपणनाव, जयंती या सहा खणांतच बहुतेक प्रश्न बसतात. स्पर्धा परीक्षांच्या जगात तर चालू घडामोडींचे एका ओळीचे संच महिन्याच्या महिन्याला पीडीएफमधून फिरतात. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत बसणारी मुले ते वाचून काढतात, आणि पुढच्या महिन्यात मागचा संच बाजूला पडतो. त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला नितांत आदर आहे. म्हणूनच वाटते, की त्यांच्या हाती पडणारा प्रश्न त्या कष्टांच्या तोलाचा असावा.

'पहिला' म्हणताना

प्रश्न काढणाऱ्याची खरी परीक्षा 'पहिला' या जातीच्या प्रश्नांत होते. भारतातली पहिली रेल्वे कधी धावली? मुले एका सुरात सांगतात, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांच्या सलामीत चौदा डब्यांची गाडी निघाली आणि सुमारे ३४ किलोमीटरचा पल्ला तिने गाठला. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिच्या तीन इंजिनांची नावे. हे सगळे खरे. पण ती पहिली प्रवासी गाडी होती. त्याआधी मद्रासजवळ रेड हिल्स भागात १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी लोहमार्ग वापरला गेला होता, आणि रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामासाठी १८५१ मध्ये वाफेचे इंजिन धावले होते. प्रश्नात 'प्रवासी' हा शब्द घातला की उत्तर बिनचूक होते. तो गाळला, तर रुरकीचे नाव सांगणाऱ्या मुलाला आपण चूक ठरवतो. वास्तविक त्याने इतरांपेक्षा जास्त वाचलेले असते.

चित्रपटाचेही तसेच. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. त्याच कॉरोनेशनमध्ये सुमारे वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला होता. मग पहिला मान फाळक्यांना का? कारण 'पुंडलिक' हे रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा इंग्रज माणसाच्या हातात होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. फाळक्यांनी चित्रपट म्हणून कथा रचली आणि ती इथेच घडवली. या कारणांवर मतभेद होऊ शकतात, आणि झालेही आहेत.

आता शिक्षकाने काय विचारावे? 'पहिला भारतीय चित्रपट कोणता' हा प्रश्न दोन सेकंदांचा आहे. 'तोरण्यांचा पुंडलिक आधी येऊनही फाळक्यांना चित्रपटसृष्टीचे जनक का म्हणतात, तुम्हाला ते पटते का' हा प्रश्न आठवडाभराचा आहे. दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे उत्तर आपोआप येते. शिवाय मुलाला कळते, की 'पहिला' ठरवण्याआधी निकष ठरवावा लागतो. हे एकदा उमगलेला विद्यार्थी आयुष्यभर कोणत्याही जाहिरातीतल्या, भाषणातल्या, अग्रलेखातल्या 'प्रथमच'कडे सावधपणे पाहतो.

एका जन्मतारखेची गोष्ट

महाराष्ट्रात सर्वांत जास्त विचारला जाणारा इतिहासाचा प्रश्न बहुधा हाच: छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? आज शाळेतले मूल १९ फेब्रुवारी १६३० असे सांगते. त्याच्या आजोबांनी कदाचित १६२७ शिकलेले असते. दोघांच्या उत्तरांमध्ये मराठी इतिहास-संशोधनाचे एक मोठे प्रकरण आहे.

बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, ही तिथी दीर्घकाळ चालत आली होती. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली पुढे आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ च्या सुमारास अभ्यासकांसमोर ठेवली. शकावली म्हणजे वर्षावार, तिथीवार घटनांची कोरडी नोंद, आणि तिच्या कोरडेपणातच तिचे बळ. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. महाराजांच्या काळातच रचलेल्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही हीच तिथी मिळाली. दोन वेगळ्या जातीची साधने, एक घराण्यातली टिपणे आणि दुसरे दरबारी कवीचे काव्य, एकाच तिथीवर येऊन मिळतात, तेव्हा त्या तिथीचे वजन वाढते. पुढे अनेक दशके चर्चा चालली. २००१ मध्ये राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

इथे आणखी एक पदर आहे. १९ फेब्रुवारी ही त्या काळी इंग्रज वापरत असलेल्या ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या ग्रेगरियन पद्धतीने मोजले तर तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो. तिथी एकच, दिवस एकच, पण मोजणाऱ्या पद्धती दोन.

मी नववीच्या मुलांना हा विषय असा दिला होता: 'महाराजांच्या जन्माच्या दोन तारखा प्रचलित का होत्या? शासनाने मान्य केलेली तारीख कोणत्या दोन साधनांवर उभी आहे? त्या साधनांपैकी अधिक भरवशाचे तुम्हाला कोणते वाटते आणि का?' शेवटच्या प्रश्नावर वर्ग दोन तटांत विभागला. काहींना शकावली विश्वासाची वाटली, कारण ती लिहिणाऱ्याला कोणाची स्तुती करायची नव्हती. काहींना 'शिवभारत', कारण कवी त्या काळातला होता आणि माहिती खुद्द घरातून मिळवू शकत होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. साधनांची पारख म्हणतात ती हीच. तिला विद्यापीठापर्यंत थांबायचे कारण नाही, ती नववीत जमते.

बातमीच्या मुळाशी

चालू घडामोडी हा इतिहासाचा धाकटा भाऊ. बातमीचा दोर धरून मागे गेले की इतिहास लागतोच. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमधल्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. लगेच सगळीकडे प्रश्न फिरू लागला: किती किल्ले? उत्तर: १२. झाले, संपले.

आता याच बातमीवर दुसरा प्रश्न करून पाहू. बारापैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा जिंजी, तमिळनाडूत. मराठ्यांच्या किल्ल्यांत तमिळनाडूचा किल्ला कसा? हे विचारले की मूल १६७७ च्या दक्षिण मोहिमेपर्यंत जाते. महाराजांनी जिंजी घेतला आणि मजबूत केला. बारा वर्षांनी संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड मुघलांच्या हाती गेला, तेव्हा छत्रपती राजाराम महाराजांनी याच जिंजीचा आश्रय घेतला आणि १६९८ पर्यंत हा किल्ला मुघलांच्या वेढ्याला तोंड देत राहिला. दूरवरच्या एका किल्ल्याची आधीच केलेली तरतूद राज्याला संकटकाळी कशी तारून नेते, हे एका बातमीतून समजते. पुढचा प्रश्नही तयारच आहे: सिंहगडासारखा सर्वांच्या तोंडी असलेला किल्ला या यादीत का नसावा? यादी करताना काय पाहिले असेल? मुले नकाशा काढून बसतात. डोंगरी किल्ला, जंगलातला किल्ला, बेटावरचा किल्ला, किनाऱ्यावरचा किल्ला अशी वर्गवारी स्वतःच करू लागतात.

दुसरी बातमी बुद्धिबळाची. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. चालू घडामोडींच्या संचात एवढ्यावर पूर्णविराम पडतो. मी मुलांना विचारतो: दिव्याच्या आधी अर्धशतक, १९७४ मध्ये, महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा जिंकणारी मराठी मुलगी कोण? तिच्या दोन्ही बहिणीही राष्ट्रीय विजेत्या, त्या कोण? त्यांच्या घराण्याचा आणि मराठी रंगभूमीचा काय संबंध?

उत्तर वासंती खाडिलकरांपासून सुरू होते. जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणी. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. वडील नीळकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक. ते दैनिक १९२३ मध्ये काढणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे नीळकंठरावांचे आजोबा, टिळकांचे सहकारी आणि 'कीचकवध' या नाटकाचे लेखक. कर्झनशाहीवर बोट ठेवणारे म्हणून ते नाटक ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. बाटुमीच्या पटावरून निघालेला मुलगा चार पावलांत टिळकयुगात पोहोचतो. असा प्रवास घडवणारी बातमी रोज पेपरात असते. ती हेरणे हे शिक्षकाचे काम आहे.

प्रश्नांना वय असते

महाराष्ट्रात जिल्हे किती? १ मे १९६० रोजी विचारले असते, तर २६. आज ३६. मधल्या काळात १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. नावेही बदलली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अभिजात भाषांचा आकडाही तसाच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांना तो दर्जा मिळाला आणि सहाच्या अकरा झाल्या.

शाळांच्या कपाटांत मात्र जुने प्रश्नसंच तसेच पडून असतात. म्हणून प्रश्न काढणाऱ्या प्रत्येकाला माझे एक सांगणे असते. प्रश्नाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: प्रश्न, उत्तर, ते कुठल्या पुस्तकात किंवा कागदात कितव्या पानावर मिळाले, आणि ते कोणत्या तारखेला तपासले. चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते आणि स्पर्धेच्या दिवशी तीच भांडण लावते.

स्पर्धा परीक्षांत याची एक चांगली रीत आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, उमेदवार पुराव्यासह हरकती घेतात, आणि तपासणीनंतर अंतिम उत्तरतालिका येते. हरकत घेणारा उमेदवार त्या वेळी संशोधकच असतो. मूळ ग्रंथ उघडतो, पान शोधतो, दोन ग्रंथांत फरक का हे पाहतो. मुले सांगतात, की हरकतीसाठी धुंडाळलेला मुद्दा पुन्हा कधी विसरत नाही. मग ही हरकतीची संधी शालेय प्रश्नमंजुषेत का नसावी? निकालानंतर एक आठवडा ठेवावा. पुराव्यासह हरकत आणणाऱ्या मुलाला जाहीर शाबासकी द्यावी, आणि ती टिकली तर गुणही द्यावेत.

बहात्तरचा प्रश्न

माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत समाजशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी नववीला विचारले: '१९७२ च्या दुष्काळात आपल्या गावात सरकारी काम कोणते निघाले? ते आज कुठे आहे? किमान दोन वयस्कर माणसांना विचारा, आणि एक तरी लिखित पुरावा पाहा.'

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नव्हते, मोबाइलवरही नव्हते. मुले घरोघर गेली. एका मुलीच्या आजीने सांगितलेले तिने वहीत जसेच्या तसे उतरवले होते: "आमी तळ्यावर माती वाहायला जायचो. दुपारच्याला सुकडी मिळायची. निम्मी तिथं खायची अन् निम्मी पदरात बांधून पोरांस्नी आणायची. भाकरी मिलोची, तांबडी. थापताना तुटायची." मिलो म्हणजे त्या काळी परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, हे मुलीने दुसऱ्या शेजारणीकडून विचारून घेतले आणि खाली टीप म्हणून लिहिले. सुकडी कशाची असे, कोण वाटे, हजेरीपत्रकावर अंगठा कसा घेत, खडी ब्रासवर कशी मोजत, अशी पाने भरली होती.

मग अडचण आली. एका आजोबांनी ठामपणे सांगितले, की तलाव बहात्तरच्या आधीच होता. मुले गोंधळली. बाईंनी त्यांना उत्तर दिले नाही. "कागद बघा," एवढेच म्हणाल्या. मुले ग्रामपंचायतीत गेली, मग पाझर तलावाच्या सांडव्याशी असलेल्या दगडावर कोरलेले साल वाचून आली. ते होते १९७३. आजोबांना पुन्हा विचारल्यावर उलगडा झाला. त्या जागी आधी एक लहान बंधारा होता, दुष्काळी कामात त्याचाच मोठा तलाव झाला. दोघेही खरे बोलत होते. बाईंनी फळ्यावर दोन्ही आठवणी, मधे दगडावरचे साल आणि शेवटी मुलांचा निष्कर्ष लिहिला.

त्यानंतर पुस्तकातला धडा आला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना, १९७७ चा राज्याचा कायदा, आणि पुढे २००५ मध्ये देशभरासाठी झालेला ग्रामीण रोजगार हमीचा कायदा. मुलांना तो धडा परका वाटला नाही. त्यांची आजी त्या कायद्याच्या आधी आलेली होती. रोजगार हमीची बातमी पेपरात आली की आता ती मुले वाचतात, असे बाई सांगत होत्या. इतिहास आणि चालू घडामोडी यांची सांगड यापेक्षा चांगली कशी घालणार?

शोधायचे कुठे

'पण आमच्याकडे साधने कुठे आहेत?' असे अनेक शिक्षक विचारतात. त्यांना माझे उत्तर असे, की मराठीइतकी कोशसंपन्न भाषा असताना ही काळजी फारशी करू नये. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी चरित्रकोशांचे तीन खंड दिले. पंडित महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड पूर्ण केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. आज तो सगळा संगणकावर फुकट वाचता येतो. जिल्ह्यांची गॅझेटियर आहेत. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे. अनेक गावांत शंभरी ओलांडलेली वाचनालये आहेत, आणि कपाटांच्या किल्ल्या कोणी मागत नाही म्हणून त्यांचे ग्रंथपाल खंतावलेले असतात. नववीतली पाच मुले एका संध्याकाळी येऊन ज्ञानकोशाचा खंड मागतात, तेव्हा त्या माणसाचा चेहरा पाहावा.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. विचारल्याबरोबर उत्तर देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आहेत. त्यांना वर्गाबाहेर ठेवण्यात अर्थ नाही. ते वेळ वाचवतात, रस्ता दाखवतात. पण ते चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात, आणि मुलाला दोन्हींतला फरक दिसत नाही. यावर उपाय जुनाच आहे. उत्तर कुठूनही येवो, त्याला 'कशावरून?' हे विचारायचे. ग्रंथाचे नाव, पान, शिलालेख, सरकारी राजपत्र, त्या दिवशीचे वर्तमानपत्र यांपैकी काहीतरी हाती लागेपर्यंत थांबायचे नाही. दोन स्वतंत्र ठिकाणी तेच मिळाले तर विश्वास ठेवायचा. फरक निघाला तर तो लपवायचा नाही, लिहून ठेवायचा. ही सवय ज्या मुलाला लागली, त्याला निवडणुकीच्या काळात फिरणारा खोटा संदेश सहज फसवू शकणार नाही. शोधप्रश्नांचा मोठा उपयोग मला इथे दिसतो. स्पर्धेतले बक्षीस वर्षभरात विसरले जाते, पारख मात्र नागरिक म्हणून जन्मभर उपयोगी पडते.

दिवाळीच्या सुट्टीतला पेपर

आयल ऑफ मॅनच्या मुलांना नाताळची सुट्टी होती, आपल्याकडे दिवाळीची आहे. घरी पाहुणे असतात, आजी-आजोबा असतात, गावी जाणे होते. शोधासाठी याहून चांगला मुहूर्त कोणता? प्रत्येक शाळेने सुट्टीच्या आधी एकच कागद द्यावा. दहा-पंधरा प्रश्न पुरेत. काही शंभर वर्षांपूर्वीचे, काही सरत्या वर्षाचे, आणि काही फक्त आपल्या गावाचे. नमुन्यादाखल सहा प्रश्न इथे देतो:

१. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेवरची रेल्वे मुंबईत कोणत्या दोन स्थानकांदरम्यान धावली? तो मार्ग आज कोणत्या नावाने ओळखला जातो?

२. २४ ऑगस्ट १९२५ रोजी निधन झालेल्या एका थोर संस्कृत पंडिताच्या नावाची संस्था त्यांच्या हयातीतच पुण्यात स्थापन झाली. ती कोणती? तिने हाती घेतलेले सर्वांत मोठे ग्रंथकार्य कोणते आणि ते कधी पूर्ण झाले?

३. मराठीच्या प्राचीनतेची चर्चा होते तेव्हा नाणेघाटाचे नाव येते. तिथल्या लेण्यात काय कोरलेले आहे? ते कोणत्या राजघराण्याशी संबंधित आहे?

४. वडील आणि मुलगा दोघेही भारताचे सरन्यायाधीश झाले, अशी एकच जोडी आहे. ते कोण? वडिलांचा कार्यकाळ कोणत्या गोष्टीसाठी वेगळा ठरतो?

५. तुमचा जिल्हा १ मे १९६० रोजी आजच्याच हद्दींसह अस्तित्वात होता का? नसल्यास तो कशातून निघाला, कधी आणि का?

६. तुमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधली सर्वांत जुनी नोंद कोणत्या वर्षाची आहे? त्या पानावर मुली किती आहेत?

सहावा प्रश्न मी मुद्दाम दिला आहे. शाळेच्या कपाटातले ते रजिस्टर हे गावाच्या इतिहासाचे अस्सल साधन आहे, आणि एका पानावरून मुलींच्या शिक्षणाची वाटचाल दिसू शकते. मुख्याध्यापकांनी ते आपल्यासमोर मुलांना हाताळू द्यावे.

उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तराखाली एक ओळ मोकळी सोडा आणि तिच्या आधी 'कशावरून' असे छापा. उत्तराला जितके गुण, तितकेच त्या ओळीला द्या. उत्तर अपुरे पण शोध प्रामाणिक असेल, तर त्या मुलाला निम्म्याहून अधिक गुण मिळू द्या. सुट्टीनंतर एक तास सगळ्या वर्गाने आपापला शोध सांगावा, आणि त्या तासाला गावच्या ग्रंथपालांना आवर्जून बोलवा. शिक्षकांनो, पालकांनो, यासाठी कुणाची परवानगी किंवा अनुदान लागत नाही. एक कागद लागतो आणि तो लिहिण्यासाठी तुमची एक संध्याकाळ. ती या दिवाळीच्या सुट्टीआधी काढा.